घोडी गेली, आता पुढं काय? आणि राहिलेल्या जनावरांचं कुंपण

आज आपल्या ‘घर-गोठा’ कार्यक्रमात आम्ही सोयगाव तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीनं बोलणार आहोत. दर वेळी आपण शेळीचं खाद्य, कोंबड्यांचं लसीकरण, दुधाचा हिशेब असे विषय घेतो. आजचा विषय जरा जड आहे. घरातलं कमावतं जनावर अचानक गेलं तर ते घर कसं सावरायचं, आणि जी जनावरं मागं उरली आहेत ती सुरक्षित कशी ठेवायची, याबद्दल आपण बोलू. त्यातही घोड्याचं उदाहरण घेऊ, कारण गाय-बैलांबद्दल पुष्कळ सांगितलं जातं, घोड्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

आपल्याकडे घोडा म्हटलं की लोकांना इतिहास आठवतो. पण आजही आपल्या भागात घोड्यावर पोट असलेली घरं आहेत. लग्नसराईत वरातीसाठी घोडी नेणारी कुटुंबं आहेत. घाटावरून खाली उतरणाऱ्या मेंढपाळ बांधवांच्या तळावर संसार वाहणारी तट्टं असतात. कोंबड्या, करडं, भांडीकुंडी, लहान लेकरं, सगळं त्याच पाठीवर. दख्खनच्या या काटक, बुटक्या घोड्याला भीमथडी म्हणतात, आणि अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. घोडा घ्यायचा तर आपली माणसं दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेला जातात, नाहीतर मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेला. तिथं बाजार मोठा भरतो. पण घोडा घेऊन आल्यावर त्याची काळजी कशी घ्यायची, हे सांगणारं माणूस गावात सापडणं अवघड.

आमच्या एका गटातल्या ताईच्या घरी दोन घोड्या होत्या. मालक वरातीला जायचे. पाचोरा, जामनेर, सिल्लोड, कुठून बोलावणं येईल तिकडं. चंदी, चारा, पाणी, खरारा हे सगळं ताईकडं. थोरली पांढरी घोडी, चांदणी, वाजंत्रीत नाचायची आणि नवरदेव बसला की शहाण्यासारखी उभी राहायची. दिवाळीच्या रात्री गावात मोठा फटाका वाजला. चांदणी दावं तोडून अंधारात पळाली आणि शेजारच्या शेताच्या काटेरी तारेत शिरली. छातीवर आणि पुढच्या पायावर जखमा झाल्या. घरच्यांनी धुऊन हळद भरली. आठवड्यात जखम सुकली, सगळ्यांना हायसं वाटलं. मग बाराव्या दिवशी घोडी ताठ चालायला लागली. कान उभे, शेपूट उचललेली, चारही पाय लाकडासारखे. तोंड उघडेना. डॉक्टर आले, त्यांनी धनुर्वात असल्याचं सांगितलं. अंधाऱ्या, शांत जागेत ठेवून उपचार केले, पण तिसऱ्या दिवशी घोडी गेली.

या एका घटनेत शिकण्यासारखं बरंच काही आहे. म्हणून आधी ते कारण समजून घेऊ, मग घराचं बघू, आणि मग कुंपणाकडे वळू.

जखम सुकली तरी धोका का राहतो

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणा-लिदीत असतात. घोड्याच्या लिदीत तर हमखास. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही, तिथं हे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. वरून जखम मिटलेली दिसते, आत विष बनत राहतं. लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. सगळ्या पाळीव जनावरांत धनुर्वाताचा सगळ्यात जास्त धोका घोड्याला असतो. तारेची जखम, खिळा, नाल ठोकताना लागलेला खिळा, शिंगराची नाळ, यांतून तो होतो.

उपाय साधा आहे. घोड्याला धनुर्वाताची लस असते. पहिल्यांदा दोन डोस, साधारण महिन्याच्या अंतरानं, आणि मग दर वर्षी एक. आणि जखम झालीच तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. जखम भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायची. हळद भरून, राख लावून वाट पाहायची नाही. धनुर्वाताच्या विषावरचं वेगळं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर उपयोग होतो. एकदा घोडी ताठली की उपाय फार थोडे उरतात.

घोड्याच्या मरणाचं दुसरं मोठं कारण पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळं बुरशी लागलेली चंदी, एकदम बदललेला चारा, पोत्यातून सांडलेला मका भरपूर खाल्ला, पाणी कमी पडलं, की आतडी अडकतात. घोडा पुढच्या पायानं जमीन उकरतो, मान वळवून पोटाकडं पाहतो, लोळतो, घामाघूम होतो, लीद टाकत नाही. अशा वेळी चारा काढून घ्या, सावकाश फिरवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. तेल, काढा, सोडा असं काही जबरदस्तीनं नाळीनं पाजू नका. ते फुफ्फुसात गेलं तर आणखी वाईट होतं. राज्यात १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मोठा लिहून ठेवा.

जनावर गेलं त्या दिवशी

घरात रडारड असते, गर्दी जमते, आणि नेमकं याच दिवशी काही कामं वेळेत करावी लागतात. म्हणून आम्ही गटात असं ठरवलंय की ज्या घरात अशी घटना घडेल तिथं दोन बायकांनी लगेच जायचं. एकीनं घरच्या बाईजवळ बसायचं, दुसरीनं कागदाचं पाहायचं.

कागदाचं काम असं. विमा असेल तर कंपनीला ताबडतोब कळवा. कानातला बिल्ला काढू नका, फेकू नका. तो जनावराची ओळख आहे. डॉक्टरांकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्या. मेलेल्या जनावराचे, बिल्ल्याचे आणि जागेचे फोटो काढून ठेवा.

वीज पडून, पुरात किंवा अशाच नैसर्गिक आपत्तीत जनावर गेलं तर तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. आपत्ती मदतीच्या नियमांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैल किंवा घोडा अशा ओढकाम करणाऱ्या जनावराला ३२,००० रुपये, वासरू, गाढव, तट्टू आणि खेचराला २०,००० रुपये आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये अशी मदत ठरलेली आहे. घोडा या यादीत आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणून ‘घोड्याला काही मिळत नाही’ असं कुणी म्हटलं तर तिथून परत फिरू नका.

बिबट्यानं किंवा दुसऱ्या वन्य प्राण्यानं जनावर मारलं तर वनरक्षकाला ४८ तासांच्या आत कळवायचं. १९२६ हा वनविभागाचा मदत क्रमांक आहे. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. अनेक घरांची भरपाई इथंच जाते, कारण वास येतो म्हणून आपण ते ओढून नाल्यात टाकतो. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणं गाय, म्हैस, बैल गेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये यातली कमी रक्कम मिळते, आणि शेळी-मेंढीला ७५ टक्के किंवा १५,००० रुपये यातली कमी. रागाच्या भरात मेलेल्या जनावरावर विष टाकू नका. तो गुन्हा आहे, आणि आसपास वन्य प्राणी मेलेला सापडला तर आपलीच भरपाई अडकते. त्या विषानं गावातली कुत्री, घारी मरतात ते वेगळंच.

जनावर पुरताना विहीर, नाला आणि बोअरपासून लांब जागा निवडा. खड्डा माणसाच्या उंचीएवढा खोल घ्या, वर चुना टाका, माती नीट दाबा, वर दगड ठेवा म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. जनावर एकाएकी मेलं असेल आणि नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर त्याला हात लावू नका, कापू नका, कातडं काढू नका. ती काळपुळी असू शकते आणि ती माणसालाही होते. आधी डॉक्टरांना बोलवा.

दुःखाचं काय करायचं

‘जनावरच होतं, दुसरं घेता येईल.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ज्या बाईनं पहाटे उठून दहा वर्षं त्या जनावराला तोबरा बांधला, तिला ते वाक्य लागतं. आपल्याकडे पोळ्याला बैल पुजतात, वसुबारसेला गाय-वासरू, दसऱ्याला घोड्याला झेंडूची माळ घालतात. जनावराला घरचं मानायची रीत आपलीच आहे. मग ते गेल्यावर रडलं तर त्यात कमीपणा कसला?

आमच्या त्या ताईचं सांगतो. घोडी गेल्यावर ती रोज पहाटे चारला उठायची आणि रिकाम्या खुंट्याजवळ जाऊन उभी राहायची. मालक बोलायचे नाहीत, जेवायचे नाहीत, दिवसभर पारावर बसायचे. लेकरू विचारायचं, चांदणी कधी येणार? त्याला ‘यात्रेला गेली’ असं सांगितलं होतं. गटातल्या एका वयस्कर काकूंनी ताईला सांगितलं की पोराला खरं सांग. सांगितल्यावर ते पोर दोन दिवस रडलं, आणि मग पुरलेल्या जागेवर त्यानं आपल्या हातानं कडुलिंबाचं रोप लावलं. पुढं आठवडाभर पाणी घालायला बाप-लेक सोबत जात होते. बाप पहिल्यांदा घोडीबद्दल बोलला तो तिथंच.

यातून आम्हाला कळलेल्या काही गोष्टी सांगतो. लेकरांना खोटं सांगू नका. सोप्या शब्दांत खरं सांगा. खोगीर, लगाम, घुंगरं दुसऱ्याच दिवशी विकू नका. नजरेआड ठेवा, महिन्यानं ठरवा. कुणाची चूक झाली हे घरात एकमेकांना ऐकवत बसू नका. दावं कुणी बांधलं होतं, डॉक्टरला कुणी बोलावलं नाही, या भांडणानं घोडी परत येत नाही आणि घर मात्र मोडतं. चूक कुठं झाली हे जरूर शोधायचं, पण महिनाभरानं, गटात, शांतपणे, पुढच्या जनावरासाठी.

मागं राहिलेल्या जनावराकडेही लक्ष द्या. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. जोडीदार गेल्यावर तो खिंकाळत राहतो, चारा सोडतो, एका जागी मान खाली घालून उभा राहतो. शक्य असेल तर मेलेलं जनावर हलवण्याआधी त्याला जवळ जाऊन हुंगू द्या. पण आजार संसर्गाचा असल्याची शंका असेल तर अजिबात नाही. नंतर त्याला एकटं बांधू नका. शेळी सोबत बांधली तरी घोडा निवळतो. दोन दिवसांहून जास्त काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मैत्रिणींनो, माणसांकडे लक्ष द्या. आपल्या मराठवाड्यात कर्जाच्या आणि नुकसानीच्या ओझ्याखाली किती घरं गेली हे आपण पाहिलंय. कुणी झोपत नसेल, बोलत नसेल, ‘आता राहून काय उपयोग’ असं म्हणत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस क्रमांक आहे. तिथं फुकट आणि मराठीत बोलता येतं. पुरुषमाणूस स्वतः फोन करणार नाही, तर आपण लावून द्यायचा.

पैशाचं गणित

दुःख असतानाच हप्ता येतो. घोडी गेली की कमाई थांबते, पण घोडीसाठी काढलेलं कर्ज थांबत नाही. वर लग्नाच्या तारखांचे इसार घेतलेले असतात.

अशा वेळी पहिली गोष्ट, कागद-पेन घेऊन बसा. कुणाचं किती देणं, कुणाचा किती इसार, घरात किती, हे लिहा. मनातला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा आणि भीतीदायक असतो. दुसरी गोष्ट, इसार दिलेल्या लोकांना लवकर कळवा. आमच्या ताईच्या घरी राहिलेल्या घोडीवर काही तारखा निभावल्या, काही दुसऱ्या घोडीवाल्यांकडे दिल्या, आणि दोनच इसार परत करावे लागले. लोक समजून घेतात, वेळेवर सांगितलं तर. तिसरी गोष्ट, गटाच्या बैठकीत विषय ठेवा. हप्ता लहान करून मुदत वाढवून देणं गटाच्या हातात आहे. उमेदच्या ग्रामसंघाकडे अडचणीतल्या कुटुंबांसाठी जोखीम निधी असतो, त्यासाठी अर्ज करता येतो. बँकेचं कर्ज असेल तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन भेटा. चुकल्यावर गेलेल्या माणसाचं कमी ऐकलं जातं. आणि खासगी सावकाराकडे दागिना ठेवून लगेच दुसरी घोडी आणायची घाई करू नका. घाईत घेतलेलं जनावर महागात पडतं.

पुढं जेव्हा घ्याल तेव्हा दात पाहून वय तपासा, चालवून पाहा, आणि डॉक्टरांकडून ग्लँडर्सची रक्त तपासणी झाली आहे का ते विचारा. हा घोड्या-गाढवांचा आजार माणसालाही होतो, त्यावर जनावराला उपचार देत नाहीत, ते शासनाच्या नियमानं मारावं लागतं. यात्रेत शंभर ठिकाणची जनावरं एकत्र येतात, म्हणून घरी आणल्यावर नवीन घोडा जुन्यापासून दोन-तीन आठवडे वेगळा बांधा. पाण्याची बादली वेगळी, खरारा वेगळा.

आणि विमा. राष्ट्रीय पशुधन अभियानात जनावरांच्या विम्याला अनुदान आहे. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानं पाळणाऱ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला गेला, उरलेला केंद्र आणि राज्य भरतं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. विमा काढणं हे अपशकुनाचं बोलणं नाही. आपण छत्री घेतो म्हणून पाऊस पडत नाही.

आता कुंपण

आपलं सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. वरती वेताळवाडीचा किल्ला आणि हळद्याचा घाट, एका अंगाला फर्दापूरची लेणी, दुसरीकडे बनोटीच्या पुढं गौताळा औट्रमघाट अभयारण्य. ते १९८६ साली जाहीर झालं. २०२१ मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला वाघ तिथल्या कॅमेऱ्यात दिसला. बिबट्या तर आपल्या डोंगरात कायमचाच. म्हणजे आपलं कुंपण दोन कामांसाठी हवं. आतलं जनावर बाहेर जाऊ नये, आणि बाहेरचं आत येऊ नये. ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच कुंपणानं दोन्ही होतील असं धरून चालू नका.

आधी घोड्याचं. बैल तारेत अडकला तर बहुधा थांबतो. घोडा थांबत नाही. घाबरलं की पळायचं, हा त्याचा स्वभाव. अडकला की तो आणखी जोरात ओढतो, आणि तार मांसात शिरते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून त्याला मागचंही बरंच दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. बारीक तार तर त्याला पळताना दिसतच नाही. म्हणून घोड्याच्या वाड्याला काटेरी तार लावायची नाही. बांबू किंवा लाकडाच्या आडव्या पट्ट्या, तीन ओळी, साडेचार ते पाच फूट उंचीपर्यंत, हे चांगलं. खांब आठ-दहा फुटांवर आणि जमिनीत दीड-दोन फूट खोल. आडव्या पट्ट्या आतल्या बाजूनं ठोका, म्हणजे घोड्यानं अंग टाकलं तरी त्या खांबावर दाबल्या जातात, खिळ्यातून उचकटत नाहीत. कोपरे टोकदार ठेवण्याऐवजी गोलसर घ्या, कारण भेदरलेला घोडा कोपऱ्यात अडकतो.

शेजाऱ्याची काटेरी तार आपल्या हद्दीला लागूनच असेल तर तिला हात लावता येत नाही. मग आपण आपल्या बाजूनं चार-पाच हात आत दुसरी आडवण करा. आणि त्या तारेवर शेजाऱ्याला विचारून पांढऱ्या पोत्याच्या किंवा जुन्या साडीच्या काठाच्या पट्ट्या बांधा, हातभर अंतरानं. वाऱ्यानं हलतात, चांदण्यात दिसतात. खर्च शून्य.

बांधायची पद्धतही महत्त्वाची. जुनी माणसं घोडा अगाडी-पिछाडीनं बांधायची, म्हणजे पुढं आणि मागं दोर. तो दोर जाड आणि मऊ हवा, नायलॉनचा बारीक नको. तो कापतो. गाठ अशी मारा की मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटेल. आग लागली किंवा घोडा अडकला तर गाठ सोडवत बसायला वेळ नसतो. दिवाळी, गणपती, लग्नाची वरात अशा फटाक्यांच्या रात्री घोडा उघड्यावर बांधू नका. चार भिंतींच्या आत ठेवा, घरातलं माणूस जवळ असू द्या. वरातीतही फटाके घोडीपासून लांब वाजवायचे, ही अट इसार घेतानाच सांगा. फर्दापूरवरून जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगर-जळगाव रस्त्यासारख्या मोठ्या रस्त्यालगत जनावरं असतील तर गळपट्ट्याला रेडियमची पट्टी लावा, रात्री दिव्यात चमकते.

आता शेळ्या. शेळी कुंपणाची परीक्षा घेते. फट दिसली की डोकं घालते, तिरका टेकू दिसला की त्यावर चढून उडी मारते. म्हणून खांबाचे टेकू बाहेरच्या बाजूनं लावा. जाळी चार फूट तरी उंच हवी. खालच्या दोन फुटांत भोकं बारीक हवीत, नाहीतर करडं निसटतात आणि शिंगं अडकतात. पैसे नसतील तर बोराटी-बाभळीचे काटे आणि पऱ्हाटीचं कुंपण दिवसापुरतं चालतं. कायमची हिरवी आडवण हवी असेल तर बांधावर सागरगोटा, करवंद, घायपात लावा. तीन-चार वर्षांत दाट होते.

पण रात्री यातलं काहीच पुरत नाही. पाच-सहा फुटांची भिंत बिबट्या तोंडात शेळी धरूनही ओलांडतो. काट्याचं कुंपण त्याला अडवत नाही. रात्रीचा गोठा वरूनही बंद पाहिजे. बाजूंना मजबूत जाळी किंवा विटा, वर जाळी किंवा पत्रा, आणि दाराला खालीवर फट नको. कडी बाहेरून आणि पक्की हवी. बिबट्या आत अडकला तर घाबरून तडफडतो आणि एका रात्रीत सगळा कळप मारून टाकतो. म्हणून एक कच्चा कोपरा म्हणजे एक शेळी गेली असं होत नाही, अख्खा गोठा जातो. सगळ्या वाड्याला जाळी मारायला जो खर्च येतो, तो रात्रीच्या एका लहान बंद खोलीवर लावा. दहा शेळ्यांना पंधरा बाय दहाची जागा पुरते. मेंढपाळ बांधव तळावर वाघर लावतात, जाळ्याचं कुंपण, आणि चारी बाजूंना कुत्री आणि माणसं झोपतात. तिथं खरी राखण माणसाची असते. आपण गोठा बंद करून घरात झोपणार, म्हणून आपला गोठाच पक्का हवा. मेलेली कोंबडी, वार, खराब मांस गोठ्याजवळ टाकू नका. त्या वासानं आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या.

विजेच्या कुंपणाबद्दल स्पष्ट सांगतो. घरातल्या किंवा मोटारीच्या लाइनची वीज तारेत सोडणं गुन्हा आहे, आणि त्यानं माणसं मरतात. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत स्वतःच्याच घरचं माणूस गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. सौर झटका यंत्र वेगळं असतं. त्यात वीज सलग वाहत नाही. साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका बसतो. जनावर दचकून मागं सरतं, चिकटत नाही. यंत्र प्रमाणित कंपनीचंच घ्या, जमिनीतली अर्थिंग नीट करा, तारेला गवत टेकू देऊ नका, आणि पिवळी पाटी लावा. वनविभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या निवडलेल्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. आपल्या गावाचं नाव आहे का, ते ग्रामसभेत विचारा.

शेवटी कुंपणाच्या आतले धोके. कठडा नसलेली विहीर. पावसाळ्यात गवतानं झाकली की जनावर सरळ आत जातं. कठडा बांधायला वेळ लागणार असेल तर आजच भोवती काटे टाका. दुसरं, कोवळी ज्वारी. पाऊस ओढला की वाळलेल्या खोडाला नवे फुटवे येतात, ते खाल्ले की किराळ लागते आणि जनावर तासाभरात मरू शकतं. तिसरं, औषध फवारलेली कपाशी. फवारणीचे रिकामे डबे आणि उरलेलं पाणी बांधावर ठेवू नका. कुंपण मजबूत करण्याचं एक कारण हेही आहे, की आपली शेळी दुसऱ्याच्या फवारलेल्या शेतात जाऊ नये.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपल्या गोठ्याभोवती एक फेरी मारून यायची, शक्यतो अंधार पडल्यावर, हातात बॅटरी घेऊन. कुठं खिळा वर आलाय, कुठं तार लोंबतेय, कुठल्या फटीतून हात जातो, ते लिहून आणायचं. बिल्ला कुणाच्या जनावराला नाही, लस कुणाची राहिली, विमा कुणाचा नाही, याची यादी पशुसखीकडे द्यायची. १९६२, १९२६ आणि १४४१६ हे तीन क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. आणि गावात ज्या घरचं जनावर गेलंय त्या घरी या आठवड्यात कुणीतरी जाऊन यायचं. भाकरी घेऊन गेलात तरी चालेल, नुसत्या बसलात तरी चालेल.

पुढच्या वेळी शेळ्यांच्या पावसाळ्याआधीच्या लसींबद्दल बोलू. तोवर सगळ्यांना नमस्कार.